शनिवारचे करवतवाले सर

आमच्या मलकापूरजवळच्या गावच्या शाळेत शनिवारी दप्तर नसते, अन् एक सर येतात. नाव मले आजून मालूम नाही. कानावर पेन्सिल, शर्टात न मावनारं पोट, अन् पाचवीच्या लेकरायच्या हातात, माह्या पोरीच्याबी, खरीखुरी करवत देतात! माहा तर जीवच उडते. माही शाळा सातवीतच सुटली, मास्तरापुढं काय बोलावं? तरी खिडकीतून वरडतेच मी, "सर, बोट तुटन ना तिचं!"

ते म्हनतात, "तुटन, म्हनून तर ती नीट पाहून कापते. तुमी काऊन भेता?"

कोनी इचारलं, सर, हे बरोबर हाये का, तर त्याईचं एकच बोलनं, "मले काऊन इचारता? मोजा."

मागच्या शनिवारी माह्या पोरीनं स्टूल बनवलं. एक पाय आखूड झाला. पोरं हासले, "हे तर लंगडं हाये बे!" पोरगी रडाले आली, अन् ते तोडाले तिनं हातोडीच उचलली. मी खिडकीचे गज धरले. तर सरानं ते स्टूल ओढलं अन् सारं वजन टाकून त्याच्यावर बसले. मी डोयेच मिटले. स्टूल करकरलं, डुललं, पन मोडलं नाही.

सर बसल्या बसल्या म्हने, "खिळे मजबूत ठोकले तुनं. आता पाय मोज."

पोरीनं डोये पुसले, पट्टी घेतली, अन् खिडकीकडं पाहून मलेच म्हने, "आई, तू घरी जाय ना, मी कामात हाये."