आत्यापेक्षा उंच खुर्ची

फेकिताच्या खुर्चीच्या चारही पायांखाली तिच्या लेकानं लाकडाचे ठोकळे ठोकले होते. खुबा बदलल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, खाली बसायचं नाही, वाकायचं नाही, मांडी तर घालायचीच नाही. म्हणून पलंगाखाली विटा आणि खुर्चीखाली ठोकळे. सगळं घर चटईवर आणि ही एकटी वर, फडताळावर ठेवून दिलेल्या बरणीसारखी.

संध्याकाळच्या प्रार्थनेला सगळी डोकी तिच्या गुडघ्यांशी असायची. ती आधीच डोळे मिटून घ्यायची, निदान दिसायला तरी नको. शेजारी बायका केवड्याच्या पात्यांची चटई विणत बसायच्या. त्यांचं हसणं ऐकू यायचं, पण कशाला हसतात ते कळायचं नाही. खिडकीतून "काय झालं गं?" म्हणून विचारलं की हसणंच थांबायचं. तिची स्वतःची चटई अर्धी विणून कोपऱ्यात गुंडाळून पडली होती.

एवढं तिनं सोसलं असतं. पण तोआकासे आत्या होती ना!

आत्या म्हणजे बापाची थोरली बहीण. टोंगा बेटांवरच्या रीतीनं तिच्यापुढे भावाच्या लेकरांनी कायम खालीच बसायचं. तिनं मागितलं की द्यायचं, बोलली की ऐकायचं. आत्या ऐंशीच्या पुढची, आणि खुर्चीचा तिला मनस्वी तिटकारा. "खुर्ची टपाल कचेरीत. माणसाच्या घरी चटई," म्हणायची. ती चटईवर आणि भाची तिच्या डोक्यावर बसलेली, हे फेकिताच्यानं बघवणार नव्हतं. म्हणून आत्या भेटायला आली तेव्हा दोन्ही वेळा ती झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली.

दुसऱ्या खेपेला जाता जाता आत्या दारातून मोठ्यानं म्हणाली, "आजारी माणसाला झोप लागते, कबूल. पण मी आले की घोरायला लागतं, हे नवीनच!"

आणि आता निरोप आला होता. आत्याचा मुलगा तिला कायमची ऑकलंडला नेणार. विमानतळावर जाताना आत्या वाटेत येऊन जाईल.

"आई, डॉक्टरांची मनाई आहे म्हणून सांगा की सरळ," सून लुपे म्हणाली. "त्यांना काय कळत नाही?"

"त्यांना कळेल गं. माझ्या जिवाला कळत नाही त्याचं काय?"

"मग त्यांनाच उंच खुर्ची देते."

"दे. त्या उभ्याच राहतील."

फेकितानं पलंगाला धरून खाली सरकून बघितलं. खुब्यात अशी कळ आली, की लुपेनं धावत येऊन तिला काखेत हात घालून सावरलं.

"पुन्हा कापाकापी करून घ्यायचीय का?"

फेकिता खिडकीशी बसली. बाहेर तेच अंगण, तोच नीरफणस. घर खांबांवर उभं, पडवी माणसाच्या कमरेएवढी उंच. बघता बघता ती म्हणाली, "लुपे, खुर्ची अंगणात ने."

"आणि तुम्ही?"

"मी येते मागनं."

दवाखान्यातून उचलून वर आणल्यापासून ती पायऱ्या उतरलीच नव्हती. दुखरा पाय आधी खाली, मग चांगला. एक हात कठड्यावर, एक सुनेच्या खांद्यावर. तोंडानं देवाचं नाव. खाली पोचली तेव्हा झगा घामानं अंगाला चिकटला होता.

गाडी आली. आत्या उतरली आणि भाचीला बघत राहिली.

"काय गं, उन्हात वाळत घातलंय होय तुला?"

"आत्या, तुम्ही वर पडवीत बसा. चटई टाकलीय."

आत्यानं पडवीकडे पाहिलं, ठोकळ्यांकडे पाहिलं. मग वर चढली, चटईवर बसली. आता फेकिताला मान वर करून बोलावं लागत होतं. किती दिवसांनी!

"आत्या, मी झोपले नव्हते."

"माहीतय मला. तुझ्या बापालाही खोटं घोरता यायचं नाही." आत्यानं चटईवरून हात फिरवला. "तिकडे चटईवर कुणी बसत नाही म्हणे. मलाही खुर्चीतच घालतील." मग एकदम लुपेला म्हणाली, "ती कोपऱ्यातली गुंडाळलेली चटई आण. मी नेते."

"अर्धीच झालीय, आत्या."

"मग? मला तिकडे दुसरं काय काम आहे?"

निघताना पायऱ्यांच्या कठड्यावरून वाकून तिनं फेकिताच्या गालाला गाल लावला. गुंडाळी काखेत मारून गाडीत बसली. पुन्हा वळून पाहिलं नाही.

"चला आई, वर," लुपे म्हणाली.

चढताना चांगला पाय आधी. तो फेकितानं पायरीवर ठेवला, पण अंग वर येईना. पुन्हा ठेवला. मग ती खुर्चीत जाऊन बसली. लेक शेतावरून आल्यावर तिला उचलून वर ठेवणार होता, त्याच ठोकळ्यांवर.

तोवर प्रार्थनेची वेळ झाली. सगळे पडवीत बसले, ती खाली अंगणात. त्या संध्याकाळी तिनं डोळे मिटायची घाई केली नाही.