दुसऱ्यांच्या भिंतीवरची कोकिळा

अमडापुरात पुंजाजीला फोटोवाला कुणी म्हणत नसे, पायपीट्या म्हणत. त्यात खोटं काहीच नव्हतं. माळ्याच्या घरात जन्मलेला हा गडी, भाऊ वांग्या-मिरच्यांना पाणी देत असताना खामगावला एका फोटोवाल्याकडे राहिला आणि ती विद्या शिकून आला. पण अमडापुरात फोटो काढून घेणार कोण आणि किती? मग पुंजाजीनं वाट धरली. कापूस घरात आला, लोक जरा मोकळे झाले की लाकडी कॅमेरा पाठीला बांधायचा, तिपाई खांद्यावर टाकायची आणि निघायचं. घाट उतरून खामगाव, तिथून नांदुरा, येरळीजवळ पूर्णा ओलांडून जळगाव जामोद, आणि पुढे पार सातपुड्याच्या पायथ्याची गावं. गावोगाव मुक्काम करत परत येईतो ऊन तापायला लागायचं. दुसऱ्या मोठ्या लढाईच्या आधी नांदुऱ्यापासून मोटारी धावत होत्या. पण मोटार थांबते त्या गावात फोटोवाले आधीच असतात, हे त्याचं शास्त्र.

बरं, एकटा नाही. बरोबर बायको, कोकिळा. त्या काळी फोटो काचेच्या प्लेटांवर निघत. बैलगाडीत ठेवल्या तर हादऱ्यानं तडकायच्या, आणि पुंजाजीच्या हाती दिल्या तर तो दर मैलाला ठेचकाळायचा. कोकिळेच्या डोक्यावरची पेटी मात्र घाट उतरतानासुद्धा डुचमळत नसे. लोक हसायचे. नवरा पुढे तिपाई घेऊन, बायको मागे पेटी घेऊन. ही काय वरात म्हणायची, का बिऱ्हाड? "हसू द्या जी," कोकिळा म्हणायची, "हासता हासताच फोटो काढाले येतीन."

तिच्या वाट्याला आणखी एक काम आलं, ते नांदुऱ्याजवळच्या एका गावात. तिथल्या घरातली तरणी सून वारली होती आणि फोटो कधी काढलेला नव्हता. घरची माणसं पुंजाजीच्या मागे लागली, कसाही कर पण तिचा फोटो दे. मेलेल्या माणसाचा फोटो कुठून आणणार? तेव्हा घरातल्या झुंबरबाई नावाच्या म्हातारीनंच तोड काढली.

"अविधवा नवमीले तिच्या नावानं सवाष्ण जेवते, हाव का नाही? मंग तिच्या नावानं सवाष्ण फोटोले बसली तं काय बिघडलं?"

सगळ्यांना पटलं. कोकिळेला न्हाऊ घातलं, त्या सुनेचं लुगडं नेसवलं, तिची नथ घातली, कपाळापर्यंत पदर ओढून पाटावर बसवलं, आणि फोटोआधी तिच्या नावानं पोटभर जेवू घातलं. पुंजाजीनं फोटो काढला. मग घरच्यांना विचारत विचारत त्यानं काचेवर काम केलं. काचेवर पेन्सिल फिरवली की फोटोतला तेवढा डाग उजळ होऊन नाहीसा होतो, आणि सुईनं खरवडलं की तिथं काळं उमटतं. कोकिळेच्या हनुवटीवर तीन ठिपक्यांचं गोंदण होतं, ते त्यानं पेन्सिलीनं घालवलं. सुनेच्या गालावर तीळ होता, तो सुईनं केला. फोटो हातात पडताच घरातल्या बायका हंबरडा फोडून रडल्या. हीच, हीच, म्हणाल्या.

ही बातमी पुंजाजीच्या आधी वाटेनं चालत गेली. दरसाल एखाददुसरं घर त्यांची वाट बघत असायचं. कुठे कोकिळा कुणाची सून झाली, कुठे जाऊ. सातपुड्याखालच्या एका गावात मनकर्णाबाई म्हणून होती. तिनं आपली भाची सोजरा लहानपणापासून वाढवली आणि तीच सून करून घेतली होती. सोजरा बाळंतपणात गेली. तिच्यासाठीही कोकिळा बसली.

तिचा स्वतःचा फोटो काढायचं पुंजाजी अधूनमधून म्हणायचा. ती हात झटकायची.

"माह्या नावानं नका काढू जी. माह्या तोंडावर मेल्यायचेच फोटो निघते. माह्या नावानं काढसान तं मीच जाईन."

म्हणायची हसत, पण बसायची नाही. आणि तोही फार आग्रह करत नसे. घरचंच माणूस, कधीही काढू. प्लेट परक्यासाठी खर्च करावी, घरच्यासाठी कशाला, असं त्यालाही वाटायचंच. या वाटण्याचा त्याला पुढे इतका राग आला की सांगता सोय नाही.

लढाई सुरू झाली आणि काच मिळेना. फोटोला चौकट केली तरी पुढं लावायला काच कुठली? तेव्हा पुंजाजीनं जुन्या प्लेटा काढल्या. कोकिळेनं चुलीवर सोड्याचं पाणी उकळलं आणि अंगणात बसून एकेक प्लेट घासून लख्ख केली. त्यांत तिचे सगळे फोटो होते. स्वतःचं तोंड ती स्वतःच्या हातानं खरवडत होती आणि वर, "बरी निघाली वो काच," म्हणत होती.

पुढच्या हिवाळ्यात घरी पुंजाजीची भावजय आजारी म्हणून कोकिळा मागे राहिली. पुंजाजी एकटा गेला. जळगाव जामोदच्या बाजारात कुणीतरी निरोप दिला, घरवाली तापानं फणफणली आहे. तो तसाच उलट फिरला, रात्रंदिवस चालला. घाट चढून आला तेव्हा राखही नदीत सोडून झाली होती. तोंड पाहायला मिळालं नाही.

दोन वर्षं पुंजाजीनं कॅमेऱ्याला हात लावला नाही. भावाच्या मळ्यात मोट हाकत राहिला. त्याची बहीण वच्छला गावातच दिलेली होती. अविधवा नवमीला ती येऊन सवाष्ण जेवू घालायची. दुसऱ्या वर्षी पाटाभोवती रांगोळी काढता काढता ती थांबली.

"वयनीचा फोटो असता तं पाटावर मांडला असता. साऱ्या दुनियेच्या घरात वयनी हाय, अन् आपल्या घरात नाही."

ती सहज बोलून गेली. पुंजाजीनं डोळे मिटून कोकिळेचं तोंड आठवायला घेतलं. तोंड आठवत होतं, पण उलटं. डोकं खाली, हनुवटी वर.

त्याचं असं की कॅमेऱ्याच्या मागच्या दुधी काचेवर माणूस उलटंच दिसतं, खाली डोकं वर पाय. आणि घरात बायकोच्या तोंडाकडे टक लावून बघायची रीत नव्हती. चार वडीलधारी माणसं आसपास, दिवसभर कामं. वाटेनं चालताना तो पुढे, ती मागे. निवांतपणे, नजर न हलवता त्यानं कोकिळेला पाहिलं होतं ते डोक्यावर काळं कापड घेऊनच. आता तेवढंच उरलं होतं, आणि तेही कुणाच्या तरी नथीसकट. तो मनात तिला सरळ करायला गेला की चेहराच विरघळायचा. दिवाळीपर्यंत त्यानं रोज करून पाहिलं. मग एक दिवस तिपाई खांद्यावर टाकली. कुणाच्या का घरातली असेना, एक कोकिळा शोधायची आणि तिच्या फोटोवरून फोटो काढून आणायचा. एवढाच हेतू. खामगावच्या जुन्या मालकाकडे हातापाया पडून त्यानं एक प्लेट मिळवली.

झुंबरबाईच्या घरचा फोटो वाळवीनं खाल्ला होता. चेहऱ्याच्या जागी माती. लुगड्याचा काठ आणि दोन पावलं तेवढी शिल्लक. पुंजाजीनं पावलं ओळखली. उजव्या करंगळीचं नख फाटलेलं, ते घाटातल्या दगडानं. त्यानं फोटो परत भिंतीला टांगला, वरून रुमाल फिरवला आणि निघाला. पूर्णेकाठच्या दुसऱ्या घरी धन्यानं दुसरं लग्न केलं होतं. नवी बाई दाराआडूनच म्हणाली, "तो फोटो आमी पूर्णेत सोडला." पुंजाजी येरळीजवळ पाण्यात उतरला तेव्हा पाणी गुडघ्याएवढंच होतं. तरी मधोमध तो बराच वेळ उभा राहिला. जळगाव जामोदच्या घराला कुलूप. माणसं पोटापाण्याला निघून गेलेली.

राहिलं मनकर्णाबाईचं घर.

म्हातारी ओसरीवर एकटीच बसली होती, मुलगा शेतात गेलेला. डोळ्यांत पांढरी बुबुळं. भिंतीवर फोटो होता, धड होता. झेंडूचा ताजा हार, काचेवर कुंकवाचं बोट. पुंजाजीला एकदम भडभडून आलं; त्यानं उपरणं तोंडाला लावलं.

"कोन आलं गा?"

"मी पुंजाजी, बाई. अमडापूरचा फोटोवाला."

"ये गा, बस. लय दिसानं आला. एकटाच काऊन?"

"एकटाच आलो," एवढंच तो म्हणाला. ती गेली म्हणून सांगायचं कसं? तुमच्या मेलेल्या सुनेच्या जागी बसली आणि स्वतःच गेली, असा त्या घराला बोल लागला असता. फोटोची एक प्रत काढून ठेवतो, जुना झाला आहे, असं सांगून त्यानं फोटो उतरवला, अंगणात उन्हात खांबाला टेकवला आणि तिपाई मांडली. काळं कापड डोक्यावर घेतलं. दुधी काचेवर कोकिळा आली, डोकं खाली, हनुवटी वर, आठवत होती अगदी तशी.

"माहे डोये गेले गा," ओसरीवरून म्हातारी म्हणाली. "हात फिरवते तं नुसती काच लागते. तू पाहून राह्यला तं सांग मले. कशी दिसते माही सोजरा?"

कापडाखाली पुंजाजी काचेवर वाकला. मग बोलायला लागला, आणि आयुष्यात पहिल्यांदा बायकोचं रूप कुणाला तरी सांगायला लागला.

"कपाय रुंद हाय, बाई. डावा डोया उजव्यापेक्षा उलसा लहान. हासू येऊन राह्यलं अन् दाबून राह्यली, असे ओठ. हनुवटीवर गोंदन हाय, तीन ठिपके, वर दोन अन् खाली एक..."

"सोजराच्या हनुवटीवर गोंदन नव्हतं गा."

गोंदण फोटोतही नव्हतंच. त्यानंच ते पेन्सिलीनं पुसलं होतं.

"तुह्या घरवालीच्या होतं," म्हातारी सावकाश म्हणाली. "पन वर दोन नाही. वर एक अन् खाली दोन, चुलीच्या दगडायवानी. म्या जेवाले वाढलं तवा समोर बसून पाह्यलं होतं. कवा गेली?"

"दोन वर्सं झाले, बाई."

"अन् सांगतलं काऊन नाही रे बाप्पा?"

ती उठली, भिंत चाचपत अंगणात आली, आणि कापडासकट त्याच्या डोक्यावर हात ठेवून रडली. तोही रडला. कापडाच्या आत होता म्हणून जरा मोकळेपणानं रडला. मग म्हातारीनं पदरानं नाक पुसलं. "फोटो घेऊन जाय," म्हणाली. "तिच्या घरी जाऊ दे तिले."

"नाही बाई. अथी ती सोजरा हाय."

त्यानं प्लेट लावली, भिंगावरचं झाकण काढलं, मनात आकडे मोजले आणि झाकण लावलं. फोटो पुन्हा भिंतीला टांगला. हार म्हातारीनं स्वतः घातला.

परतताना त्यानं ती एक प्लेट पेटीत, कोकिळेच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवली आणि पेटी डोक्यावर घेतली. तेव्हा त्याला कळलं की डोक्यावर काचा असताना मान इकडेतिकडे वळवता येत नाही. डोंगर बघता येत नाही, नदी बघता येत नाही. पुढे चालणाऱ्याची पाठ तेवढी दिसते. इतकी वर्षं एवढ्या वाटा चालून तिनं पाहिली ती त्याची पाठ. त्याला फार वाईट वाटलं. तो थांबत थांबत, एकदाही न ठेचकाळता घरी आला.

घरी प्लेट औषधात धुतली. चेहरा नीट उतरला होता. त्यानं बारीक सुई घेतली आणि म्हातारीनं सांगितलं तसे हनुवटीवर तीन ठिपके खरवडले, वर एक, खाली दोन. उन्हात कागदावर फोटो उमटवला आणि वच्छलेच्या हातात दिला.

"वयनी!" वच्छला मटकन खालीच बसली. "दादा, वयनीच हाय वो ही. बोलते का काय आता!"

पुंजाजीनं फोटो परत घेतला, दाराच्या उजेडात नेला आणि पाहिला. कपाळ होतं, डोळे होते, गोंदण होतं. कुणी एक भली बाई त्याच्याकडे बघत होती. त्यानं बराच वेळ वाट पाहिली. मग हातातला फोटो हळूच फिरवला, डोकं खाली, हनुवटी वर.

"अवो, उलटा काऊन धरला?" वच्छला म्हणाली.

उंबऱ्यावर बसून तो ढसाढसा रडत होता.

फोटो घरात सरळच टांगला. उलटा टांगला तर लोक काय म्हणतील? दर नवमीला पाटावरही सरळच मांडला जायचा. सवाष्ण जेवून गेली, वच्छला आपल्या घरी गेली, की पुंजाजी दार लोटून घ्यायचा आणि फोटो उलटा करून मांडीवर घ्यायचा.