पाण्यातला गणपती आणि गोह आंटींचा सिनेमा

विनीताच्या शेजारच्या गोह आंटींना एकाच तऱ्हेचे चिनी सिनेमे आवडत. परदेशात बंड होतं, चिनी कामगार अडकतात, आरमाराचं जहाज येतं, नायक सगळ्यांना सुखरूप बाहेर काढतो आणि शेवटी झेंडा फडकतो. सिंगापूरमधल्या सेरंगूनच्या त्या फ्लॅटमधल्या तोफा विनीताच्या देवघरापर्यंत ऐकू येत.

"आंटी, तुमच्या हिरोला गोळी कशी लागत नाही हो?" ती चिडवायची.

"लागते, लाह! पण मरायला त्याला वेळ कुठे? माणसं घरी आणायची असतात ना!" सिंगापुरी बोलण्यातलं ते 'लाह' आंटींच्या तोंडी पदोपदी असे.

यंदा मार्चमध्ये विनीताचंच माणूस अडकलं. तिचा नवरा प्रताप जुरोंग आयलंडवरच्या रिफायनरीत इंजिनीअर. आफ्रिकेतल्या एका नव्या प्लांटवर महिन्याभरासाठी गेला आणि तिथे बंड झालं. विमानतळ बंद, फोन लागेना.

विनीताने देव पाण्यात ठेवले. माहेरचा पितळी गणपती पातेल्यात बुडवला आणि त्याला सांगितलं, "हे घरी येईपर्यंत तूही आतच." मग भारतीय दूतावासाचा फॉर्म भरला. प्रतापचा पासपोर्ट नंबर तिला तोंडपाठ होता.

दुपारी फोन आला. पलीकडचा माणूस अदबीने म्हणाला, "मॅडम, हा पासपोर्ट तर दोन वर्षांपूर्वीच परत केलाय. तुमचे मिस्टर आता सिंगापूरचे नागरिक आहेत."

विनीताने कपाळावर हात मारला. नागरिकत्वाच्या समारंभाला तिनेच पैठणी नेसून फोटो काढले, पेढे वाटले. आणि वेळ आली तेव्हा बोटं जुन्याच नंबरावर गेली. अर्धा दिवस वाया! तिने लगेच सिंगापूरच्या परराष्ट्र खात्याला फोन लावला. त्यांनी सगळं लिहून घेतलं, पण त्या देशात सिंगापूरचा दूतावासच नव्हता. इतर देशांना विचारतो, म्हणाले.

संध्याकाळी आंटी सूप घेऊन आल्या आणि पातेल्यात डोकावल्या.

"याला शिक्षा का केलीस?"

"शिक्षा नाही, आंटी. कामाला लावलंय."

आंटींना ते पटलं. "बरोबर. आमचं जहाजपण पाण्यातच असतं."

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. प्रताप! "विनू, सीमा ओलांडली. बसमध्ये आहे."

"कुणाच्या बसमध्ये?"

"साइटवरच्या चिनी कॉन्ट्रॅक्टरच्या. यादीत माझं नाव नव्हतं गं. त्यांचा आचारी अडून बसला. म्हणाला, 'भाजीत मिरची कमी म्हणून रोज माझ्याशी भांडतो तो हाच. याला घेतल्याशिवाय मी चढत नाही.'"

"आणि गोळीबार?"

"छे! अकरा तास रांग, आणि एसी बंद."

विनीता हसली की रडली, तिचं तिलाच कळलं नाही. अनवाणीच आंटींच्या दारात गेली. सगळं ऐकून आंटींनी टीव्हीकडे बोट केलं. "बघ! मी म्हटलं नव्हतं?"

"आरमार नव्हतं, आंटी. आचारी होता."

"आचारी तर आचारी, लाह. पुढच्या सिनेमात घेतील."

शनिवारी दाढी वाढलेला प्रताप बॅग घेऊन दारात उभा राहिला. विनीताने त्याला डोळे भरून पाहिलं, हात लावून पाहिलं आणि ती म्हणाली, "थांबा, आत येऊ नका. आधी त्याला बाहेर काढते. शब्द दिलाय."

आतून पाणी ओतल्याचा आवाज आला. प्रताप उंबऱ्याबाहेर मुकाट्याने थांबला. रांगेची त्याला आता सवय झाली होती.