डागाच्या साड्या

बायाक्काशी भांडून जिंकलेला माणूस आमच्या वडगावच्या गल्लीत अजून जन्मायचाय. मी तिचा शेजारी नागोजी, चारदा हरलोय. चाळीस वर्षं ती विजेवरचा माग चालवते आणि तिच्या निम्म्या भांडणांचं मूळ एकच: वीज. आमच्याकडे वीज जात नाही हो, नुसता डोळा मारते! क्षणभर दिवा मिचकतो, माग थांबतो आणि पुन्हा सुरू झाला की साडीवर आडवी रेघ उमटते. तसली डागाची साडी बाजारात चालत नाही. चांगली विकायची, डागाची घरच्या बाईनं नेसायची आणि चारचौघांत रेघ निऱ्यांत लपवायची, ही विणकराच्या घरची रीत.

गेल्या वर्षी स्मार्ट मीटर बसले. आम्ही नारळ फोडला. आता साहेबांना कचेरीत बसून सगळं दिसणार म्हणे! दिसलं काय? नवी तार मिळणाऱ्या गल्ल्यांची कच्ची यादी लागली आणि आमचं नाव गळलं. मीटर सांगत होता, इथली वीज उत्तम आहे! माझं टाळकं सरकलं. बायाक्का मात्र महिनाभर गप्प. मला वाटलं, खचली बिचारी.

यादी पक्की होण्याआधी इंजिनिअर स्वरूपा मॅडम तक्रारी ऐकायला देवळात आल्या. "आमच्या नोंदीत दोष दिसत नाही. तुमच्याकडे पुरावा आहे?"

"हाय की," बायाक्का म्हणाली. "या गं बायांनो!"

आणि गल्लीतल्या तेवीस बाया आल्या, सगळ्या डागाच्या साड्या नेसून! जन्मभर निऱ्यांत लपवायची ती रेघ पदरावर घेऊन. त्यात माझी बायकोसुद्धा! लाज वाटायची सोडून माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू? प्रत्येक रेघेशी काठाला एक चिठ्ठी बांधलेली, तीवर तारीख आणि वेळ. बायाक्कानं महिनाभर गुपचूप हेच करवून घेतलं होतं. मॅडमनी चिठ्ठ्या जुळवल्या. तेवीस घरांत तेच दिवस, त्याच वेळा!

त्यांनी लॅपटॉप उघडला आणि कपाळावर हात मारला. मीटर अर्ध्या तासाची सरासरी पाठवत होता, क्षणभराची मिचकी तीत कुठं दिसणार? ती टिपणं त्याला जमत होतं, पण टिप म्हणून कुणी सांगितलंच नव्हतं.

"मीटर हुशार हाय, व्हय," बायाक्का म्हणाली. "पर त्यानं काय बघायचं हे ठरवताना मागावरच्या माणसाला इचारा की!"

मॅडमनी तिथल्या तिथं ती नोंद सुरू केली. अख्खी गल्ली देवळातल्या दिव्याकडं टक लावून बसली. सव्वाअकराला दिवा मिचकला. "आली, नोंद आली!" मॅडम ओरडल्या आणि आम्ही शिट्ट्यांनी देऊळ डोक्यावर घेतलं. विजेनं दगा दिल्याचा एवढा आनंद आम्हाला कधी झाला नव्हता!

गल्ली यादीत आली, दोन महिन्यांत नवी तारही आली. परवा नातीच्या, रक्षाच्या साखरपुड्याला निघताना बायाक्का कपाटापुढं अडून बसली.

"काय नेसू गं?" तिनं माझ्या बायकोला विचारलं. "जुन्या सगळ्या इरल्या. डागाची आता मागावरनं उतरतच न्हाय."

शेवटी तिनं स्वतः विणलेली कोरी, बिनडागाची साडी नेसली, आयुष्यात पहिल्यांदा. वाटभर तिचा हात मात्र सवयीनं निऱ्यांतली नसलेली रेघ झाकत होता.