मुलाखतीला आणलेली हिरवी साडी

ती बाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली आणि म्हणाली, "मला काईच माहीत न्हाई." ते शब्द अजून माझ्या कानातून गेलेले नाहीत. नांदेडच्या कोर्टात मी तिच्या बंदोबस्ताला होते, सहायक फौजदार म्हणून.

भोकर तालुक्यातली ही विधवा. बिनलग्नाच्या दिराला तिनं जेवायला म्हणून शेतातल्या आखाड्यावर, म्हणजे तिथल्या झोपडीवर, बोलावलं. तिथं तिच्या व्याह्यानं, म्हणजे लेकीच्या सासऱ्यानं, त्याला कुऱ्हाडीनं मारलं. दीर गेला की जमीन लेकीकडं येणार, हा त्याचा डाव. पाहणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून हिला माफीचा साक्षीदार केलं आणि नियमाप्रमाणे खटला संपेपर्यंत तुरुंगात ठेवलं. शर्त एकच: घडलं ते सगळं खरं सांगायचं, काही लपवायचं नाही. मॅजिस्ट्रेटसमोर तिनं सगळं सांगितलंही होतं. आणि आता ऐन साक्षीत फिरली.

सरकारी वकील बाहेर येऊन म्हणाले, "गेली हिची माफी. हिनं शर्त मोडली, असा दाखला मी कोर्टाला देतो."

मी तिला बाकावर बसवलं. "बाई, कळतंय का तुला? ज्या खुनातून सुटली होतीस तोच परत अंगावर येईल. वेगळा खटला चालेल. तुझाच जबाब तुझ्याविरुद्ध वापरतील."

"हाव, समजतंय."

मला पटेना. विकला गेलेला साक्षीदार उलटताना आरोपीच्या वकिलाकडं बघतो. हिनं मान वर केली नव्हती.

मग तुरुंगातल्या एका महिला शिपायानं खबर दिली. साक्षीच्या आधी हिची विहीण मुलाखतीला येऊन गेली होती. गेटवर पिशवी तपासली, तर नवी साडी, बांगड्या, हळदकुंकू. आक्षेप घेण्यासारखं काही नाही. कोर्टाची परवानगी काढून आमच्या ठाण्याच्या साहेबांनी मला तुरुंगात चौकशीला पाठवलं.

"विहीण काय बोलली?" मी बाईला विचारलं.

"लेकीला साडी घेतली म्हनली. दाखवाया आनली."

"मग चांगलंच की."

"काय चांगलं, मॅडम? सन न्हाई, लगीन न्हाई, पोर पोटुशी बी न्हाई. हिरवी साडी, हिरवा चुडा, हळदकुंकू. समदं एका पिशवीत घालून मला कशापायी दाखवलं?"

सवाष्ण मेली की तिला असंच नेसवून नेतात.

साहेब म्हणाले, "खरं असेल. पण साडी दाखवली म्हणून कुठलं कलम लावू?"

आम्ही उदगीरकडं लेकीच्या सासरी गेलो. विहिणीनं हसत चहा ठेवला. लेक दाराआड उभी होती, कडेवर पोर. मी म्हणाले, "आईला भेटायला चल."

"जा की गं," विहीण म्हणाली. "नातू ऱ्हाईल माझ्यापाशी. त्येला गाडी लागती." आणि तिनं सुनेच्या कडेवरून पोर उचलून घेतलं.

मी लेकीला अंगणात नेलं. "पोर घेऊन चल. आम्ही आहोत."

"तुमी आज हायेत, मॅडम. उद्या?" ती आत निघून गेली.

पुढं बाईवर खटला चालला. न्यायाधीशांनी विचारलं, कुणी धमकावलं का? "न्हाई," म्हणाली. तिच्याच जबाबावर तिला जन्मठेप झाली. व्याही पुराव्याअभावी आधीच सुटून घरी गेला होता, त्या लेकीच्या घरी.

तुरुंगाच्या गाडीत चढताना तिनं विचारलं, "लेक हाय न्हवं?"

"आहे."

ती चढून बसली.

नंतर कुणाला माफीचा साक्षीदार करायची गोष्ट निघाली की मी वरिष्ठांना आधी विचारायचे, याची लेकरंबाळं कुणाच्या घरात आहेत? काहींना माझा राग यायचा. पण साक्षीदाराला आपण कोठडीत जपतो आणि त्याचा जीव दुसऱ्याच्या चुलीपाशी असतो. तिथं पहारा ठेवता येत नसेल, तर खरं बोलायची शर्त त्याला पाळता येणार नाही, हे माफी देतानाच समजून घ्यावं.