तक्रार केली आणि मालक झालो

शहागडला हायवेलगत भागवतरावांचा वजनकाटा आहे. ट्रक चढला की वजन आपोआप संगणकात येतं आणि पावती निघते. ही करामत माझी, असं मी आमच्या वडीगोद्रीभर सांगत फिरायचो. खरं तर काट्यावरून आकडा उचलून आणायचं अवघड काम मारेक नावाच्या कुण्या परदेशी माणसाने लिहून नेटवर फुकट ठेवलेल्या कोडचं. मी फक्त वर भागवतरावांचा फेट्यातला फोटो चिकटवला होता.

मागच्या महिन्यात संगणकाने स्वतःला अपडेट करून घेतलं आणि काटा मुका झाला. ट्रकची रांग पार पुलापर्यंत गेली.

"राजानंद, तूच बनवलं ना हे? मंग जल्दी उघडून बघ," भागवतराव म्हणाले. "संध्याकाळपर्यंत न्हाई झालं तर दुसरा माणूस लावतो."

माझं मोठं गिऱ्हाईक हे एवढंच. उघडलं, तर आत काय आहे ते मलाही पहिल्यांदाच दिसत होतं. मारेकच्या पानावर गेलो. तीन वर्षांत कुणी हात लावलेला नाही, जगभरातल्या तक्रारी तशाच पडून. माझं डोकंच फिरलं. फुकटात जेवणारा मी, मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यालाच सुनावलं, "जमत नसेल तर दुसऱ्याला द्या!"

तासाभरात उत्तर आलं. तो आता मधमाश्या पाळत होता. "आनंदाने देतो," असं लिहून त्याने सगळे अधिकार माझ्या नावावर केले आणि मोकळा झाला.

घरी फोन लावला, तर बायको, सुमेधा, हसतच सुटली. "ओ, मागच्या जयंतीला खीर पातळ झाली म्हणलात, तर कमिटीनं यंदा कढईच तुमच्या हाती दिल्ती. तरी पुन्हा तोंड उघडलं?"

आमच्या वस्तीत खोट काढणाऱ्याच्याच गळ्यात ते काम पडतं. हे माहीत असूनही मी बोललो होतो.

शेवटी मारेकचं कोड पहिल्या ओळीपासून वाचलं. किती निगुतीने लिहिलं होतं त्याने! माझी मलाच लाज वाटली. बिघाड सापडला, आणि दिवस मावळायच्या आत काट्यावर आकडा उमटला. ट्रक हलले, भागवतरावांनी चहा पाजला.

आठवड्याने जेवायला बसलो, तर कुठल्याशा देशातून अनोळखी माणसाचा संदेश. काटा बंद पडलाय, गाड्या खोळंबल्यात, या कोडचा मालक मेला की काय?

राग यायला हवा होता. पण त्याच्या दारातली रांग मला इथून दिसली. हात धुतले आणि लिहिलं, "जिवंत आहे. बसलोच दुरुस्तीला."

सुमेधाने माझं ताट झाकून ठेवलं.