रिकाम्या मशीनचा पंखा

सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावात माझं ऑनलाइन अर्ज भरून द्यायचं दुकान आहे. तिथला लिनक्सचा कॉम्प्युटर आठवडाभर काही काम नसतानाही तापायचा, पंखा नुसता घोंघावायचा. सगळं पुसून लिनक्स नव्याने टाकायला मी बसलोच होतो.

तेवढ्यात सेनगावच्या जीपची वाट बघणाऱ्या एक बाई सावलीला आत आल्या. मी काय करतोय ते सांगितल्यावर, लेकराचा ताप बघावा तसा त्यांनी मशीनला उलटा हात लावला.

"पुसू नका, भाऊ. आत कोण राबून राहिलं, ते तर बघा."

कमांड द्यायच्या काळ्या पडद्यावर त्यांनी एकच शब्द टाइप केला. आत चालू असलेल्या प्रोग्रामांची यादी आली. सगळ्यात वर छपाईचा प्रोग्राम! जुना प्रिंटर मी भंगारात दिला होता, पण त्याला पाठवलेला एक कागद रांगेत तसाच होता.

"प्रिंटर गेला, हे याला कोणी सांगितलंच न्हाई. बिचारं अजून कागद देऊनच राहिलंय."

मी तो रद्द करायला निघालो.

"कोणाचा हाय, ते बघा की आधी."

नव्या प्रिंटरवर काढला. 'प्रिंटर बंद आहे, उद्या या' म्हणून मीच परत पाठवलेल्या एका म्हातारीचा, सरकारच्या निराधार योजनेतल्या पगाराचा अर्ज. ती आलीच नव्हती, आणि मी विसरून गेलो होतो.

पंखा शांत झाला. जीप आली, बाई गेल्या. त्यांचं नाव विचारायचं राहिलं, आभारही राहिले. मी शटर ओढलं आणि कागद घेऊन म्हातारीचं घर विचारत निघालो.